कच्च्या टाक्यांचा झगा

मावशीला चर्चची अख्खी मंडळी मावशी म्हणायची, पण ती खरी मावशी एकाच मुलीची. धाकट्या बहिणीची लेक तिसऱ्या वर्षी तिच्या पदरात आली, दिवसभर 'मावशी, मावशी' करत मागेमागे फिरायला लागली, आणि प्रार्थनाघरातल्या ऐंशीच्या आजोबांपासून पाळकांपर्यंत सगळ्यांनी तो शब्द उचलला. आता भाची अठराची होती आणि मावशी पन्नाशीला टेकलेली. मधल्या पंधरा वर्षांत मावशीचे केस पिकले, डोळ्यांना जाड चष्मा लागला, पण जिभेची धार तसूभरही कमी झाली नव्हती. कात्रीला ती महिन्यातून एकदा धार लावून आणायची. जिभेला तेवढीही गरज पडत नसे.

घर दीड खोलीचं. अर्ध्या खोलीत शेगडी आणि भांडी, उरलेल्या एका खोलीत सगळा संसार आणि सगळा धंदा. खिडकीशी शिलाई मशीन, त्याला लागून कापायचं टेबल, टेबलाखाली गुंडाळलेल्या गाद्या. शाळेचे गणवेश, पडदे, कोणाची पँट आखूड करायची, कोणाच्या पोटाला जागा करून द्यायची, असलं सगळं काम तिच्याकडे यायचं. 'शर्ट आटला' म्हणणाऱ्याला ती सरळ सांगायची, "शर्ट आहे तेवढाच आहे, तुम्ही फुगलात." तरी गिऱ्हाईक परत यायचं, कारण तिने घातलेला टाका उसवत नसे.

याशिवाय तिचं एक खास काम होतं, बाप्तिस्म्याचे झगे. या मंडळीत बाप्तिस्मा घेणारा माणूस व्यासपीठाखालच्या हौदात उतरतो, छातीइतक्या पाण्यात उभा राहतो आणि पाळक त्याला पूर्ण बुडवून वर काढतात. अंगात फक्त पांढरा पायघोळ झगा आणि आत चड्डी. झगा प्रत्येकाच्या मापाने शिवायचा आणि त्याने तो जन्मभर जपून ठेवायचा, अशी इथली रीत. खूप वर्षांपूर्वी एका जाडजूड दुकानदाराचा झगा पाण्यात उतरताच छत्रीसारखा फुलून वर आला होता, आणि सगळ्या मंडळीने डोळे घट्ट मिटून दोन गाणी जास्त म्हटली होती. तेव्हापासून झग्याच्या तळाला आतून लोखंडी वायसर, नटाखाली घालतात त्या जड चकत्या, शिवतात. आणि ओलं कापड जड होऊन शिवणीला ओढ देतं म्हणून दोन्ही बाजूंना दुहेरी शिलाई मारतात. मावशी गेली बावीस वर्षं हे झगे फुकट शिवत होती. म्हणायची, देवाच्या कामात मापात पाप नको.

एका मंगळवारी दुपारी पाळक आले. तरुण माणूस, स्वभावाने गरीब, मावशीपुढे तर अगदीच गरीब. स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "मावशी, एक माप घ्यायचं आहे. येत्या रविवारी बाप्तिस्मा."

"बाई की पुरुष?"

"पुरुष. साठीचे आहेत." पाळकांनी कपाळावरचा घाम पुसला. "तुम्ही ओळखता त्यांना."

मावशीचा पाय मशीनवरून निघाला. गेले तीन रविवार प्रार्थनाघरात शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून कोण बसतं ते तिला ठाऊक होतं. तिने मान वळवून एकदाच बघितलं होतं. पुन्हा बघायची गरजच पडली नव्हती.

"कुलूप?" तिने विचारलं.

"मावशी, त्यांना असं—"

"कोणी आणलं त्याला इथे?"

"स्वतःच आले. तुरुंगात असतानाच त्यांनी विश्वास ठेवला. तुम्ही या मंडळीत आहात हे त्यांना ठाऊक होतं. मला म्हणाले, मावशींना चालणार नसेल तर मी दुसरीकडे जातो. मी म्हटलं, हे दार माझ्या मालकीचं नाही, मी कसं बंद करू?"

"दार बंद करायचं तर त्यालाच सांगायचं होतं. त्याला चांगलं जमतं."

पाळकांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "निवड देवाची असते, मावशी. आपल्यापैकी कोणीच लायक—"

"ते मला नका शिकवू. रविवारच्या शाळेत पोरांना ते मीच शिकवते."

"म्हणून तर तुमच्यावर जबरदस्ती नाही. तुम्ही नाही म्हणा, मी बाजारातून तयार झगा आणतो."

मावशीने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कोणाची तरी चादर वाऱ्यावर हलत होती. तिच्या डोक्यात काहीतरी चमकून गेलं आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "नको नको. बाजारचा कशाला? उद्या पाठवा त्याला मापाला." पाळकांचे डोळे भरून आले. बिचारे जाताना देवाचे आभार मानत गेले.

आता हे कुलूप म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं. पंधरा वर्षांपूर्वी मावशी आणि तिची धाकटी बहीण लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात तिसऱ्या मजल्यावर काम करायच्या. धाकटीचा नवरा लेक पोटात असतानाच निघून गेला होता, म्हणून दोघी बहिणी एकत्र राहायच्या. मजल्यावरचा सुपरवायझर म्हणजे हाच माणूस. सुपरवायझर होण्याआधी तो पंधरा वर्षं चेकर होता. तयार कपडा हातात घ्यायचा, शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवायचं आणि डोळे मिटूनसुद्धा सांगायचं, इथे टाका सुटलाय. मजल्याला दोन जिने. एका सोमवारी त्याने मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. बुधवारी दुपारी पुढच्या जिन्यापाशी विजेच्या बोर्डातून आग लागली. मावशी दोऱ्याचे कोन आणायला तळमजल्यावर गेली होती, दोन मिनिटांचं काम. नऊ बायका मागच्या दारापाशी सापडल्या. त्यात धाकटी होती.

खटला चालला. त्याने सांगितलं, मालकाचा हुकूम होता, आणि मी किल्ली घेऊन वर धावलो पण धुराने जाऊ दिलं नाही. मालकाचे वकील मोठे, मालक सुटला. याला सात वर्षांची शिक्षा झाली. मावशी प्रत्येक तारखेला पहिल्या बाकावर बसायची, मांडीवर भाची. लोक म्हणायचे, काय धीराची बाई, न्यायासाठी एक तारीख चुकवत नाही. त्याचं खरं नाव तिने तेव्हापासून तोंडातून काढलं नव्हतं. घरात तो 'कुलूप'. भाचीला लहानपणी वाटायचं, ते त्याचं आडनावच आहे.

मावशीचा देवावर पक्का विश्वास होता. त्याच्या इच्छेशिवाय झाडाचं पान हलत नाही, हे ती पोरांना शिकवायची. पण पान हलत नाही तर मग कुलूप तरी त्याच्या इच्छेशिवाय कसं लागलं, हा प्रश्न ती रोज देवाला विचारायची, आणि देव रोज गप्प बसायचा. शेवटी तिने स्वतःपुरती एक सोय करून घेतली. देव सर्वसत्ताधीश आहे, पण त्याला अधूनमधून आठवण करून द्यावी लागते. सूड घेणं त्याचं काम असेल तर असो. हाताखाली एखादी बाई असली तर त्याचं बिघडतं कुठे? आणि आता हा देव त्याच माणसाला उचलून मांडीवर घ्यायला निघाला होता. देव तारी त्याला कोण मारी, असं म्हणतात. मावशीला मारायचं नव्हतं. तिला त्याला उघडा पाडायचा होता, भर मंडळीसमोर, ओल्या चड्डीत.

बेत साधा होता. झग्याच्या दोन्ही बाजूंना, काखेपासून घोट्यापर्यंत, दुहेरी शिलाईऐवजी नुसते कच्चे टाके घालायचे. तेही जुन्या, कुजक्या दोऱ्याने. वरून गरम इस्त्री फिरवली की बघणाऱ्याला काही कळत नाही. कोरडा असेपर्यंत झगा झग्यासारखा. पाण्यात भिजला, वायसरचं वजन आलं आणि पाळकांनी त्याला वर ओढला की दोन्ही बाजू फाटकन उघडणार. देवाच्या दारात त्याची शोभा होणार, आणि पुन्हा तो या मंडळीत तोंड दाखवणार नाही. नऊ जिवांपुढे हा सूड म्हणजे दर्यामे खसखस, हे मावशीलाही कळत होतं. पण पंधरा वर्षं डूख धरून बसलेल्या माणसाला हाताला लागेल ते चालतं.

बुधवारी तो आला. दारातच उभा राहिला. केस पार गेलेले, खांदे पडलेले, शर्टाची कॉलर उलटून शिवलेली. पूर्वी याच्या बुटांचा आवाज आला की चाळीस मशिनींचा वेग वाढायचा.

"आत ये," असं मावशी म्हणाली नाही. टेप गळ्यातून काढत फक्त "हात वर," म्हणाली.

त्याने हात वर केले. तिने छाती मोजली, कंबर मोजली, खांद्यापासून घोट्यापर्यंत टेप सोडला. त्याच्या अंगाला हात लागायला नको म्हणून टेप दोन बोटांत धरला. एवढ्या जवळून तो नुसता म्हातारा माणूस होता, साबणाचा वास येणारा. तिला हे आवडलं नाही. तिला तो पूर्वीसारखाच हवा होता.

"बाई," तो म्हणाला. कारखान्यात तो सगळ्यांनाच बाई म्हणायचा. "तुम्ही नाही म्हणाला असता तरी—"

"श्वास रोखू नकोस, माप चुकतं."

मावशीने कागदावर आकडे टिपले आणि दार दाखवलं. तो जिना उतरून जाईपर्यंत ती टेबलाची कड धरून उभी होती.

शुक्रवारी दुपारी तिने झगा शिवायला घेतला. गळा, बाह्या, तळाची पट्टी सगळं नेहमीसारखं मशीनवर, नेटकं. वायसर नेहमीपेक्षा चार जास्तच घातले. मग मशीन बंद केलं, सुईत जुना दोरा ओवला आणि बाजूचे कच्चे टाके हाताने घालायला बसली. हात झरझर चालत होता. पण हात चालत असला की डोकंही चालतं, आणि मावशीच्या डोक्यात एक कोपरा असा होता जिकडे ती सहसा फिरकत नसे.

कुलूप का लागलं, ते तिला माहीत होतं. मजल्यावरून माल जात होता. लेसची गुंडाळी, कापडाचे उरलेले तुकडे, कधी गुंड्यांचं पुडकं. थोडंफार सगळ्याच न्यायच्या, पण सुरुवात मावशीने केली होती आणि सगळ्यात जास्त तीच न्यायची, जेवणाच्या डब्यातून, मागच्या जिन्याने. शनिवारी सुट्टीच्या वेळी त्याने तिला त्याच जिन्यावर थांबवलं आणि डबा उघडायला लावला. आत पांढरी लेस होती. त्याने लेसकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, झाकण लावलं आणि काही न बोलता वर निघून गेला. सोमवारी कुलूप लागलं.

कोर्टात ती पहिल्या बाकावर बसायची ती न्यायासाठी, हे खरंच होतं. पण दुसरंही खरं होतं. तिला बघायचं असायचं की हा माणूस ते सांगतोय का. 'ही बाई चोरी करायची म्हणून मला दार लावावं लागलं,' एवढं एक वाक्य. त्याची शिक्षा कदाचित दोन वर्षांनी कमी झाली असती. तो बोलला नाही. आणि म्हणून मावशी त्याचा जास्तच द्वेष करायला लागली. कारण तिला वाटायचं, याने ते राखून ठेवलंय. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. देवालाही नाही. त्याला माहीत असेलच, म्हणायची, मग मी कशाला तोंड वाजवू.

आता रीत अशी होती की हौदात उतरण्याआधी माणसाने काठावर उभं राहून साक्ष द्यायची. आपलं पाप सगळ्यांसमोर सांगायचं, आडपडदा न ठेवता. म्हणजे आता तो सांगणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मावशीने टाके आणखी लांब घातले. तू मला उघडी पाडशील, तर त्याच घटकेला तूही उघडा पडशील.

संध्याकाळी भाची कामावरून आली. ती एका दवाखान्यात रुग्णांचे कागद लावायचं काम करायची. खुंटीवरचा झगा बघून म्हणाली, "झाला? छान झालाय."

"हात लावू नकोस."

भाचीने पाण्याचा ग्लास भरला आणि खाटेऐवजी वापरायच्या पेटीवर बसली. "मावशी, मला त्या माणसाचा राग येत नाही. यायला हवा होता का?"

"आई आठवली असती तर आला असता."

"आठवत नाही, तर काय करू? मी प्रयत्न केला. मला फक्त तू आठवतेस, कोर्टात, मला घट्ट धरून बसलेली. मी आईवर नाही वाढले मावशी, तुझ्या रागावर वाढले."

मावशीने भांडी घासायला घेतली आणि ती उगाच दोनदा घासली.

रविवारी प्रार्थनाघर गच्च भरलं होतं. व्यासपीठाच्या फळ्या काढून हौद उघडला होता. पाळक छातीइतक्या पाण्यात आधीच उतरून उभे होते. मावशी पहिल्या बाकावर बसली, शेजारी भाची. गाणी झाली, प्रार्थना झाली, मावशीच्या कानांत एकही शब्द शिरला नाही.

बाजूच्या खोलीचं दार उघडलं आणि तो झगा घालून बाहेर आला. चालता चालता त्याचा उजवा हात आपोआप बाजूला गेला. अंगठ्याचं नख शिवणीवरून वरपासून खाली फिरलं, जसं पंधरा वर्षं रोज हजार कपड्यांवरून फिरलं होतं. मावशी ते बघत होती. नख मध्येच थांबलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. मग त्याने दुसरी बाजूही चाचपली.

त्याला कळलं होतं. असल्या माणसाला अंधारातसुद्धा कळलं असतं, आणि मावशीला हे आधी सुचू नये ही तिची अक्कल. आता तो परत फिरेल, पिना मागेल, नाहीतर सगळ्यांना ओरडून सांगेल की ही बघा तुमची मावशी. त्याने पहिल्या बाकाकडे एकदा बघितलं. मग हात बाजूला सोडले आणि हौदाच्या काठावर येऊन उभा राहिला.

"मी नऊ बायकांचा जीव घेतला," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या बाकापर्यंत गेला. "कोर्टात मी म्हणालो, कुलूप लावायचा हुकूम मालकाचा होता. मालकाने तसा हुकूम दिला नव्हता. मीच लावलं. कोर्टात मी म्हणालो, किल्ली घेऊन मी वर धावलो. मी वर गेलोच नाही. किल्ली खिशात होती आणि मी रस्त्याच्या पलीकडे पळालो. तिथून वरची खिडकी दिसत होती. त्यांना मी दिसत होतो."

कोणीतरी हुंदका दिला. भाचीने मावशीचा हात धरला होता, तो तिने सोडला नाही.

"देवाने मला का उचललं, मला माहीत नाही. त्याच्या जागी मी असतो तर उचललं नसतं. एवढंच आहे माझ्याकडे."

साक्षीच्या मध्ये कोणी बोलायचं नसतं. पण ऐंशीचे आजोबा कोणाचं ऐकतात? ते मागून म्हणाले, "अरे पण बाबा, कुलूप लावलंस कशाला?"

पंधरा वर्षं ज्या वाक्याची ती वाट बघत होती ते आता येणार होतं, आणि पळायला जागा नव्हती.

"ते नाही सांगणार," तो म्हणाला. "कारण सांगितलं की गुन्हा हलका होतो. मला तो हलका करायचा नाही. कुलूप माझं आणि किल्लीही माझी."

आणि तो पहिली पायरी उतरला. झग्याचा घेर पाण्याला टेकला. दोन्ही बाजूंनी तो कच्चा, हे माहीत असून तो खाली चालला होता. मावशीने दिलेला सूड त्याने नवा कपडा घालावा तसा मुकाट अंगात घातला होता. यापेक्षा त्याने तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. शिव्यांना तिच्याकडे उत्तर होतं.

"थांबा," मावशी ओरडली.

पाळकांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यांना वाटलं, मावशी आता हरकत घेणार, आणि तिला अडवायचं तोंड तिथे कोणाला होतं? मावशी उठली, हौदापाशी गेली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला पायरीवरून वर ओढलं. पर्समधून सुई आणि पक्क्या दोऱ्याचं रीळ काढलं. शिवणारी बाई या दोन गोष्टींशिवाय घराबाहेर पडत नाही.

"हात वर," ती म्हणाली.

त्याने हात वर केले. मावशी गुडघ्यांवर बसली आणि भर मंडळीसमोर, त्याच्या अंगावरच, झग्याची बाजू शिवायला लागली. जवळजवळ, घट्ट, माघारी टाके. शिवता शिवता ती बोलायला लागली, कोणाकडे न बघता, कापडाकडे बघत.

"हा झगा मी कच्चा शिवला होता. मुद्दाम. पाण्यात उसवावा म्हणून. याला नागडा करायचा होता मला." दोरा ओढला. "आणि कुलूप का लागलं, ते हा सांगत नाही, तर मी सांगते. कारखान्यातून माल चोरीला जात होता. तो मी नेत होते. शनिवारी याने माझ्या डब्यात लेस बघितली. सोमवारी कुलूप लागलं. बुधवारी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे."

पाण्यात उभे असलेले पाळक थंडीने कुडकुडत होते आणि हलायचं त्यांना सुचत नव्हतं.

"कोणासाठी?" मागून आवाज आला. भाची बाकावरून उठून उभी राहिली होती. "मावशी, लेस कोणासाठी नेत होतीस?"

मावशीची सुई थांबली. "तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तुझ्या फ्रॉकला."

मग तिने मान खाली घातली आणि दुसरी बाजू शिवायला घेतली. चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या, तरी टाका वाकडा गेला नाही. बरगडीपाशी सुई त्याला जोरात टोचली. ती चुकून टोचली नव्हती. तो जरासाही हलला नाही.

"मी तुला माफ केलेलं नाही," ती हळू आवाजात त्याला म्हणाली.

"माहीत आहे, बाई."

"शिवण कच्ची आहे हेही माहीत होतं."

"नख फिरवताच कळलं."

"मग अंगावर ठेवलास कशाला?"

त्याने थोडा विचार केला. "तुम्ही दिलात," तो म्हणाला. "मी कोणत्या तोंडाने नको म्हणणार?"

मावशीने गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला. "जा," ती म्हणाली.

तो उतरला. पाळकांनी त्याला धरलं, शब्द म्हटले, बुडवला आणि वर काढला. पाणी काठावर उसळून मावशीच्या चपलांवर आलं. झगा अंगाला चिकटला, वायसर खाली ओढत राहिले, आणि शिवण धरून राहिली. तो पायऱ्या चढून वर आला आणि बाजूच्या खोलीत गेला. कोणी गाणं सुरू केलं नाही. सुरू कुठलं करायचं, तेच कोणाला कळेना.

मावशी अजून गुडघ्यांवरच होती. "पास्टर," तिने विचारलं, "आता माझ्यासाठी काय आहे तुमच्याकडे?"

पाळकांचे दात वाजत होते. "तेच आहे, मावशी. त्यांना मिळालं तेच."

"त्याला मिळालं तेच?" ती चिडून म्हणाली. "दुसरं काही नाही?"

"दुसरं काही नाही. देवाकडे एकच आहे ते."

त्याच्याच पंगतीत बसायचं, हे मावशीच्या घशाखाली उतरेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. पण दुसऱ्या कुठल्या पंगतीत तिचं पान मांडलेलं नव्हतं, हेही तिला दिसत होतं. हौदाच्या कठड्याला धरून ती उठली आणि मागे वळली.

भाची बाकापाशी नव्हती. ती प्रार्थनाघराच्या मोठ्या दारात उभी होती आणि मावशीकडे बघत होती. ती नजर मावशीने लगेच ओळखली. खटल्याची सगळी वर्षं तिने स्वतः कोर्टाच्या पिंजऱ्याकडे तशीच बघत काढली होती, मांडीवर ही पोर घेऊन. पोरीला आईसाठी कधी राग आला नव्हता. तो आता आला होता, आणि आला तो हिच्यावर.

मंडळी दोन्ही बाजूंना सरकली. मावशी मधल्या वाटेने चालत दारापर्यंत गेली. ओल्या चपलांचा चपक चपक आवाज होत होता. जवळ पोचल्यावर तिने तोंड उघडलं, पण भाचीने हात वर केला.

"घरी चल," भाची म्हणाली. "पण माझ्याशी बोलू नकोस. किती दिवस, ते मी सांगेन."

मावशीने मान हलवली. भाची पुढे निघाली आणि मावशी चार पावलं मागून, तोंड मिटून, घरापर्यंत चालत गेली.